एका फळीची वंशावळ

इंग्रजीतला एक शब्द असा आहे की, इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही तो सहज येतो. तो शब्द म्हणजे 'बोर्ड'. दुकानावर नाव रंगवून लावतात, तो बोर्ड. मुलगी दहावीला गेली की आईबाप सांगतात, "यंदा तिची बोर्डाची परीक्षा आहे." तालुक्याला शिकणारा मुलगा बोर्डिंगात राहतो. म्हातारी माणसं गावच्या जुन्या शाळेला अजून 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात. वर्गात मास्तर खडूने लिहितात तो ब्लॅकबोर्ड, आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीत संगणकापुढे बोटं चालतात ती कीबोर्डावर.

आता मला सांगा, दुकानाची पाटी, परीक्षा घेणारं मंडळ आणि मुलांचं वसतिगृह, यांचा एकमेकांशी काय संबंध? काहीच दिसत नाही. मग विद्यार्थी काय करतो? वहीत एका शब्दापुढे पाच अर्थ लिहितो आणि घोकतो. त्यातला एक लक्षात राहतो, चार विसरतात. आणि एखाद्या जाहिरातीत 'बोर्ड अँड लॉजिंग फुकट' असं वाचलं की त्याला वाटतं, इथे राहायला जागा आणि वर एक फळा मिळणार! हसू नका. शब्दाचा एकच अर्थ पाठ करवून घेतला, तर दोष मुलाचा नाही.

याला उपाय आहे आणि तो घोकंपट्टीहून सोपा आहे. शब्दाचा इतिहास विचारायचा. माणसाची वंशावळ असते तशी शब्दाचीही असते. मूळ पुरुष सापडला की, चुलत-मावस नाती आपोआप उलगडतात.

'बोर्ड'चा मूळ पुरुष आहे लाकडाची साधी फळी. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. लढाईतली ढाल लाकडाची असे, म्हणून ढालीलाही बोर्ड म्हणत. गंमत पाहा, आपल्या संस्कृतातल्या 'फलक' शब्दालाही फळी आणि ढाल असे दोन्ही अर्थ आहेत. आपली फळी आणि शाळेतला फळा ही त्या फलकाचीच लेकरं. दुकानाची पाटी आणि वर्गातला फळा यांचा उलगडा तर इथेच झाला. कीबोर्डही तसाच. पेटीच्या किंवा पियानोच्या पट्ट्या ज्या फळीवर ओळीने बसवतात तो कीबोर्ड. तिथून तो शब्द टाइपरायटरवर गेला आणि पुढे संगणकावर आला.

पण जेवणाचं काय? त्यासाठी जुन्या काळच्या इंग्रज सरदाराच्या वाड्यात डोकावलं पाहिजे. तिथे जेवणाचं कायमचं टेबल नसे. सुतार वापरतात तशा घोड्या मांडायच्या, त्यांवर लांब फळ्या टाकायच्या आणि सगळ्यांनी भोवती बसायचं. जेवणं उरकली की फळ्या उचलून भिंतीला लावून ठेवायच्या. म्हणजे फळी मांडली की जेवण, फळी उचलली की जेवण संपलं. हळूहळू फळीवर जे वाढलं जाई त्यालाच लोक बोर्ड म्हणू लागले. 'बोर्ड अँड लॉजिंग' म्हणजे जेवण आणि मुक्काम.

हे तुम्हांला विचित्र वाटत असेल, तर आपल्या माजघरात चला. "पानं घ्या, मंडळी बसली," असं आपण म्हणतो. मांडलेली असतात स्टीलची ताटं! एके काळी केळीच्या पानावर किंवा पत्रावळीवर वाढत, म्हणून पान म्हणजे जेवणाचं ताट झालं. पान गेलं, शब्द राहिला. तिकडे फळी गेली, शब्द राहिला. पुस्तकाचं पानही याच झाडाचं, कारण पूर्वी ताडपत्रावर लिहीत. इंग्रजाने जे फळीचं केलं, तेच आपण पानाचं केलं आहे.

या जेवणाच्या अर्थाचं बोर्डिंग महाराष्ट्राच्या इतिहासात फार मोलाचं ठरलं. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचं, तर पहिला प्रश्न पुस्तकांचा नव्हता. राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, हा होता. १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी अशी वसतिगृहं तिथे उभी राहिली. १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग काढलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. या बोर्डिंगात धान्याची चणचण पडली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. बोर्ड म्हणजे अन्न, हा अर्थ त्या माउलीने कोशात पाहिला नव्हता. तो तिने रोज संध्याकाळी मुलांच्या ताटात वाढला.

आता दुसरी शाखा. ज्या फळीभोवती जेवायला बसत, तिच्याभोवती पुढे कारभाराला बसू लागले. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये सल्लामसलतीच्या मेजाला बोर्ड म्हणू लागले आणि मग मेजाभोवती बसणाऱ्या माणसांनाच ते नाव पडलं. अशा एका बोर्डाशी आपल्या देशाचा फार जवळचा संबंध आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी १७८४ सालच्या कायद्याने लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं गेलं आणि ते १८५८ पर्यंत चाललं. मुंबईत १८४० साली शिक्षणासाठी 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' निघालं. जगन्नाथ शंकरशेट त्याचे सभासद होते. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डं रीतसर स्थापन झाली आणि रस्ते, दवाखाने, शाळा यांच्यामुळे हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्डं गेली. दहावीची परीक्षा घेणारं राज्याचं आजचं बोर्ड १ जानेवारी १९६६ पासूनचं. तेव्हा बोर्डाच्या परीक्षेतलं बोर्ड म्हणजे मेजाभोवती बसलेली माणसं, हे मुलांना सांगा. भीती थोडी कमी होईल!

तिसरी शाखा दर्यावर्दी आहे. फार जुन्या काळी फळीच्या 'बोर्ड'सारखाच काठ किंवा बाजू या अर्थाचा दुसरा एक शब्द होता. दोघांचा उच्चार सारखा, म्हणून दोन ओढे मिळावेत तसे ते एक झाले. जहाजाची बाजू ती बोर्ड. म्हणून 'ऑन बोर्ड' म्हणजे जहाजावर. जुन्या गलबतांचं सुकाणू उजव्या अंगाला बांधलेलं असे, म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड'. त्यात तारा नाही हं, सुकाणू फिरवणं आहे. डावीला म्हणत 'लारबोर्ड'. आता वादळात वारा घोंघावतोय, कप्तान ओरडतोय आणि सुकाण्यावरच्या माणसाला स्टारबोर्ड ऐकू आलं की लारबोर्ड, तेच कळेना! शब्दांच्या घोटाळ्यात माणसांचा जीव जायचा. म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने हुकूम काढला की, डाव्या बाजूला यापुढे 'पोर्ट' म्हणावं. पोर्ट म्हणजे बंदर. सुकाणू उजवीकडे असल्याने गलबत डाव्या अंगाने धक्क्याला लावत, त्यावरून ते नाव आधीच रूढ होत आलं होतं.

तुम्ही म्हणाल, म्हणजे प्रत्येक शब्दामागे एकच मूळ पुरुष असतो का? तसं नाही, आणि फसगत होते ती इथेच. 'मॅच' घ्या. क्रिकेटची मॅच असते, साडीवर मॅचिंग ब्लाउज असतो आणि काडेपेटी म्हणजे मॅचबॉक्स. आपली 'माचिस' तिथलीच. यातल्या पहिल्या दोघांचं कूळ एक. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जोडीदार, बरोबरीचा. आपणही कुस्तीची 'जोड' लावतो आणि लग्नाची 'जोडी' जमवतो, अगदी तसंच. पण काडीचं 'मॅच' फ्रेंचातून आलेलं. त्याचा अर्थ वात. मग तोफेला बत्ती देण्याच्या जळत्या दोरीला, म्हणजे आपल्या तोड्याला, ते नाव पडलं. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर नावाच्या इंग्रज औषधविक्याने १८२७ साली विकायला आणली, तेव्हा ते नाव काडीला मिळालं. दोन घराण्यांतली दोन माणसं, नावं तेवढी सारखी. आपल्याकडे 'माळ्याच्या वर'मधलं वर 'उपरि'पासून आलं आणि लग्नातला वर संस्कृत 'वर'च आहे. त्यांचं नातं नाही, तसंच हे.

हे सगळं खात्रीने कळतं कसं? त्यामागे एका शाळामास्तराची तपश्चर्या आहे. १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्र मंडळाने ठरवलं की, इंग्रजीचा एक संपूर्ण कोश व्हावा. त्याच साली इकडे मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती छापली गेली, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८७९ साली त्या इंग्रजी कोशाचं काम जेम्स मरे यांच्याकडे आलं. हे शिंप्याचे पोर, चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. पुढे स्वतःच्या अभ्यासाने शिक्षक झाले. शाळेच्या आवारात त्यांनी पत्र्याची खोली बांधली. गावोगावचे वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवीत आणि मरे साल लावून ती जुळवीत. अर्थ आधी कोणता, मागून कोणता, हे वाक्यांच्या तारखांनी ठरे. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग निघाला तो 'अँट' म्हणजे मुंगीपर्यंत! कामाची चालही मुंगीचीच होती. मरे १९१५ साली वारले आणि कोश पुरा झाला १९२८ साली.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एवढंच सांगायचं आहे. फळ्यावर नुसती अर्थांची यादी देऊ नका. आधी मूळ चित्र द्या, फळीचं, वातीचं, जोडीचं. मग तसाच मराठी शब्द मुलांकडून काढून घ्या. मात्र नुसत्या आवाजावर नातं जोडू नका. 'कबर्ड' आणि 'कपाट' सख्खे भाऊ वाटतात, पण कबर्ड म्हणजे पेले मांडायची फळी आणि कपाट संस्कृतातलं, मूळ अर्थ दाराची झडप. शंका आली की कोश उघडा.

आणि ज्यांच्या घरी ऊस आहे त्या मुलांना विचारा, कांडीच्या कोंबाला 'डोळा' का म्हणतात? मोरपिसाला डोळा कुठला, नारळाला कुठला? मुलं सांगतील. मग त्यांना सांगा की, इंग्रजीतही बटाट्याच्या कोंबाला आणि सुईच्या नेढ्याला 'आय', म्हणजे डोळाच म्हणतात. तो शब्द त्यांना घोकावा लागणार नाही.