उपासाचा राजगिरा आला कुठून?

इथल्या एका मेक्सिकन दुकानात मला चक्क राजगिऱ्याची वडी मिळाली. तसाच फुलवलेला दाणा, तसाच गुळाचा वास. पाकिटावर नाव मात्र ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईला फोन करून विचारलं, हे उपासाला चालेल का? ती म्हणाली, “राजगिराच ना? मग चालेल की. आपल्याकडूनच नेला असेल त्यांनी.”

इतिहास नेमका उलटा आहे. अझ्टेक राज्यकर्त्यांना कर म्हणून काय काय मिळायचं, याची चित्रं सोळाव्या शतकातल्या ‘मेंडोसा कोडेक्स’मध्ये आहेत. त्यात मका, घेवडा आणि चियाबरोबर राजगिराही आहे. बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मप्रचारकाने लिहून ठेवलंय, की सणाला राजगिऱ्याच्या पिठाची देवाची मूर्ती करायचे आणि मग तिचे तुकडे प्रसादासारखे खायचे. पाद्र्यांना यात त्यांच्याच विधीची विटंबना दिसली. ती पूजा मोडली आणि तिच्याबरोबर या पिकाचा मानही गेला. पण खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी बी जपलं, म्हणून ती वडी आज दुकानात आहे.

१९५० मध्ये जोनाथन सॉअर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने या पिकाचा सविस्तर अभ्यास मांडला. दाण्यासाठी लावल्या जाणाऱ्या मुख्य जाती मूळच्या अमेरिकेतल्या आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे कोलंबसानंतर कधीतरी हा दाणा समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. भाजीचा माठ त्याचा चुलतभाऊ, पण तो आशियातलाच.

मग परका दाणा उपासाला कसा चालला? एक तर्क असा: उपासाला धान्य वर्ज्य, आणि राजगिरा गहू-तांदळासारखा गवतवर्गातला नाही. शिवाय नव्याने आलेल्या गोष्टीवर जुनी मनाई कुठून असणार? बटाटा, शेंगदाणा असेच आत आले. (भगर मात्र गवतवर्गातलीच आहे, तेव्हा नियम फार ताणू नका.)

प्रयोगशाळेला याची किंमत बरीच उशिरा कळली. १९७३ मध्ये डाउन्टन या संशोधकाने राजगिऱ्यात लायसिन भरपूर असल्याचं दाखवलं. गहू-तांदळात नेमकं हेच अमिनो आम्ल कमी पडतं, आणि ते कमी पडलं की बाकीची प्रथिनंही शरीराला नीट वापरता येत नाहीत. १०० ग्रॅम राजगिऱ्यात सुमारे १३.५ ग्रॅम प्रथिनं, १६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि साडेसात मिलिग्रॅम लोह असतं. पांढऱ्या तांदळात प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम. १९८४ मध्ये अमेरिकेत या एकाच पिकावर अख्खा अहवाल निघाला. पानांतही कॅल्शियम चांगलं असतं, पण ऑक्झलेटमुळे त्यातलं बरंच अंगी लागत नाही. पानं उकळून पाणी टाकलं तर ऑक्झलेट थोडं कमी होतं.

त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांचं सुपरफूड’ असा फॅमिली ग्रुपवरचा मेसेज आला की मी थबकते. पूर्वज होते खरे, पण त्यातले बरेचसे मेक्सिकोतले. हे सगळं आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “त्यांच्याकडेही देवालाच वाहायचे ना? मग खा निवांत.”

खाल्ली. चव अगदी घरचीच होती.