आठ हजार गोण्या आणि एक अभ्यासक्रम

मंडळी, या वीकांताचा विषय वाचून काही जण लगेच टॅब बंद करतील याची मला कल्पना आहे :-) चीनमध्ये दप्तरखाना सांभाळणारी माणसं, म्हणजे आर्काइव्हिस्ट, कशी तयार झाली? पण जरा थांबा. दिवसभर बॅकअप, लॉग आणि डेटाबेस यांच्यात बुडालेल्या आपल्यासारख्यांना हा विषय परका वाटायचं खरं तर काही कारण नाही.

सुरुवात रद्दीपासून करू. साल १९२१. चिंग घराण्याचं राज्य १९१२ मध्येच संपलेलं. राजदरबाराच्या सचिवालयातले मिंग आणि चिंग काळातले कागद गोण्यांत कोंबून पेकिंगच्या इतिहास संग्रहालयाच्या ताब्यात पडलेले. संग्रहालयाला पैशाची चणचण. मग काय, साधारण आठ हजार गोण्या एका कागदवाल्याला विकून टाकल्या! वजन दीड लाख जिन, म्हणजे पंचाहत्तर टनांहून जास्त. किंमत चार हजार चांदीचे डॉलर. पुढचा बेत अर्थातच लगदा करून नवा कागद बनवायचा. पुढच्या वर्षी लुओ झेन्यू या विद्वानाला बाजारात या कागदांचा सुगावा लागला आणि त्यांनी बारा हजार मोजून ते परत मिळवले. गंमत म्हणजे याच लुओंनी १९०९ मध्येही याच सचिवालयाचे कागद जाळण्यापासून वाचवले होते.

प्रसिद्ध लेखक लू शुन त्या काळात शिक्षण मंत्रालयात नोकरीला होते. त्यांनी १९२७ मध्ये या प्रकरणावर एक बोचरा लेख लिहिला. त्यात त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. विक्रीच्या आधी अधिकाऱ्यांनी त्या गोण्या उपसल्या होत्या, पण कशासाठी? तर सोंग काळातल्या दुर्मिळ छापील पुस्तकांची पानं सापडतात का ते बघायला. म्हणजे शिकलेली माणसं हजर होती, कागद डोळ्यांसमोर होते, पण कारकुनी कागदालाही किंमत असते हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. पुस्तक मौल्यवान, फाइल म्हणजे रद्दी!

हे शिकवायला सुरुवात झाली ती मात्र इतिहासाच्या प्रेमातून नव्हे. १९३० च्या दशकात राष्ट्रवादी सरकारला आपली कार्यालयं झपाट्याने चालायला हवी होती. गृहखात्याचे उपमंत्री गान नायग्वांग यांनी १९३३ मध्ये एक पद्धत पुढे रेटली: पत्र आवक झाल्यापासून ते दप्तरात जाईपर्यंत एकच क्रमांक, एकच वर्गीकरण. आजच्या भाषेत वर्कफ्लो ऑटोमेशन. पण ही यंत्रणा चालवायला माणसं कुठून आणायची?

ती आली वुचांगमधून. तिथे मेरी एलिझाबेथ वुड या अमेरिकन बाईंनी आणि अमेरिकेत शिकून आलेल्या शेन झूरोंग यांनी १९२० मध्ये बून लायब्ररी स्कूल काढलं होतं. चीनमधलं ग्रंथालयशास्त्राचं हे पहिलं विद्यालय. १९३४ पासून इथे दप्तर-व्यवस्थापन हा विषय शिकवायला लागले. माओ खुन हे त्यातले महत्त्वाचे शिक्षक. १९३८ मध्ये जपानी फौजा जवळ आल्या तेव्हा अख्खं विद्यालय चोंगचिंगला हललं. तिथे डोक्यावर बॉम्ब पडत असताना १९४० मध्ये दप्तर-व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. विचार करा, देश जळतोय आणि हे लोक फायलिंग शिकवतायत! पण युद्धातल्या सरकारला फाइल वेळेवर सापडणं ही चैन नसते.

अडचण एकच होती. हे सगळे ग्रंथालयवाले. पुस्तकांसारखेच कागदही विषयाप्रमाणे दशांश पद्धतीने लावावेत, असा तेव्हाचा कल. पुस्तकाला ते चालतं, कारण पुस्तक स्वतःच्या पायावर उभं असतं. सरकारी पत्र तसं नसतं. ते कुणी पाठवलं, कुणाला उत्तर म्हणून, त्याच्या आधी आणि नंतर कुठला कागद होता, हे गेलं की उरतं ते नुसतं वाक्य. दहा सर्व्हरचे लॉग एकत्र करून त्यातली सर्व्हरची नावं आणि वेळा उडवा, आणि मग एरर शोधून दाखवा. तसंच काहीसं.

१९४९ मध्ये सत्ता बदलली आणि अभ्यासक्रमाचं गुरुकुलही बदललं. आता गुरू रशियन. नोव्हेंबर १९५२ मध्ये पेकिंगच्या रेनमिन विद्यापीठात दप्तरविद्येचा पहिला वर्ग सुरू झाला. प्रमुख होते वू बाओखांग, शिकवायला सोव्हिएत तज्ज्ञ सेलेझ्न्योव. विद्यार्थी म्हणजे पक्षाच्या आणि सरकारच्या कचेऱ्यांतून पाठवलेली माणसं. १९५५ पर्यंत त्या वर्गाचा स्वतंत्र विभाग झाला. इकडे १९५४ मध्ये राष्ट्रीय दप्तर कार्यालय उभं राहिलं. त्याचे पहिले संचालक झेंग सान हे एकेकाळी लाल सैन्यात रेडिओ चालवायचे. म्हणजे आपल्याच जातकुळीतला माणूस :-)

रशियनांनी दिलेली मुख्य कल्पना म्हणजे 'फोंद'. एका संस्थेच्या कामातून तयार झालेले सगळे कागद एकत्र राहिले पाहिजेत, ते विषयवार फोडायचे नाहीत. चिनी लोकांनी आधी हा शब्द उच्चारासकट उचलला, मग १९५५ मध्ये त्याला 'छ्वानझोंग' हा स्वतःचा शब्द दिला. वरची लॉगवाली अडचण यातून बरीचशी सुटली. पण या गुरूंबरोबर दुसरंही काही आलं. दप्तर हे राज्याचं गुपित आणि ते सांभाळणारा हा विश्वासू कार्यकर्ता, ही समजूत. माओ खुन यांच्या पिढीचं ज्ञान बूर्ज्वा म्हणून मागे पडलं. बून स्कूल १९५३ मध्ये वुहान विद्यापीठात विलीन झालं.

मग सांस्कृतिक क्रांती. विश्वासू कार्यकर्त्यांवरही विश्वास उरला नाही. १९७० मध्ये रेनमिन विद्यापीठच बंद पडलं, ते १९७८ मध्ये पुन्हा उघडलं. त्या वर्षी देशाला या माणसांची गरज किती होती, ते बघा. चिनी शहरी माणसासाठी 'दांग-आन' या शब्दाचा पहिला अर्थ म्हणजे त्याची स्वतःची फाइल. शाळेपासून नोकरीपर्यंत मागोमाग फिरणारी, आणि त्याला स्वतःला बघता न येणारी. तिच्यात एक खोटा आरोप घुसला की आयुष्याची वाट लागायची. १९७८ नंतर लाखो लोकांवरचे आरोप मागे घेण्यात आले, तेव्हा कुठला कागद कधी आणि कुणी फाइलमध्ये घातला, हा प्रश्न पुस्तकी उरला नाही.

पुढची वाटचाल पटकन सांगतो. १९८५ मध्ये रेनमिनच्या विभागाचं महाविद्यालय झालं, १९८७ मध्ये दप्तर कायदा आला, आणि देशभरात तिसाहून जास्त विद्यापीठांत हा विषय शिकवला जाऊ लागला. २००३ मध्ये रेनमिनच्या महाविद्यालयाचं नाव बदलून 'माहिती संसाधन व्यवस्थापन' झालं. २०२० मध्ये कायदा सुधारला. त्यात इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाइतकंच वजन मिळालं आणि दप्तर लोकांसाठी खुलं करण्याची सर्वसाधारण मुदत ३० वर्षांवरून २५ वर आली. आणि २०२२ मध्ये पदव्युत्तर शिक्षणाच्या सरकारी यादीत 'ग्रंथालय, माहिती आणि दप्तर व्यवस्थापन' या शाखेचं नाव झालं 'माहिती संसाधन व्यवस्थापन'. म्हणजे शाखेच्या नावातून 'दप्तर' हा शब्दच गेला!

आता तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? आपल्या धंद्यात तर दर दोन वर्षांनी सगळ्याची नावं बदलतात. पण मला ही काळजी खरी वाटते. 'माहिती' म्हटलं की आपण ती स्वच्छ करतो, डुप्लिकेट उडवतो, सर्चला जोडतो आणि खूष होतो. दप्तर म्हटलं की विचारावं लागतं: हे कुणी लिहिलं, का लिहिलं, आणि शेजारचा कागद कुठे गेला? लू शुनच्या गोष्टीतले अधिकारीही एका अर्थी सर्चच करत होते. हवी ती पानं मिळाली की बाकीच्या गोण्या रद्दीत.

आणि दुसरी गोष्ट. या शंभर वर्षांत अभ्यासक्रम ठरला तो नेहमी मालकाच्या गरजेवरून. आधी कार्यालयाचा वेग, मग पक्षाची गुपितं, आता माहितीचं व्यवस्थापन. दाराबाहेर उभ्या असलेल्या वाचकाची पाळी क्वचितच आली. चीनच्या परराष्ट्र खात्याने २००४ मध्ये आपलं जुनं दप्तर संशोधकांना उघडलं, आणि दहा वर्षं व्हायच्या आतच त्यातलं बरंचसं पुन्हा बंद झालं. ते लावणारे लोक उत्तम शिकलेले होते. पण किल्ली त्यांच्या हातात नव्हती, आणि ती कोणत्याच अभ्यासक्रमात मिळत नाही.

असो. सोमवारी ऑफिसात कुणी 'जुने लॉग डिलीट करून टाक रे, डिस्क भरलीय' असं म्हणालं, तर निदान एकदा विचारा की त्यात काय आहे आणि ते कुठून आलंय. मग खुशाल उडवा!