मिलोची भाकरी : वस्तीतल्या चुलीचा नोंद न झालेला इतिहास

पाककृतीच्या पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जिन्नस निवडणारी बाई आणि रांधणारी बाई एकच, हे ते गृहीत. नवा पदार्थ करून पाहावासा वाटला की ती बाजारातून नवे जिन्नस आणते. पदार्थ बिघडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करते. दलित वस्तीतल्या स्त्रीला ही मुभा कधी नव्हती. जिन्नस दुसऱ्या कुणी तरी ठरवायचा आणि तो खाण्याजोगा करायची जबाबदारी मात्र तिची. अनोळखी जिन्नस तिच्याही चुलीपुढे येत राहिले, तिनेही प्रयोग केले. पण तिचा प्रयोग फसला तर त्या रात्री पोरे उपाशी निजत. या प्रयोगांचा इतिहास आपण लिहिलेला नाही. त्यातले एकच प्रकरण, १९७२ च्या दुष्काळातल्या मिलोचे, येथे मांडतो.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गावगाड्यात महारवाड्याच्या टोपलीत काय पडायचे ते गाव ठरवी. येसकराच्या पाळीला घरोघरचे तुकडे मिळत. कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाचे शिळे, कुणाचे आंबलेले. हे तुकडे वाळवून, भिजवून, पुन्हा शिजवून त्याचे जेवण करणे हेही एक कौशल्यच होते. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या चान्या वाळवून ठेवणे हेही तसेच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे सोडण्याचे आवाहन केले. तो निर्णय सभेत झाला, पण अंमलात आला तो चुलीपुढे. चान्या टाकून दिल्यावर हंड्यात काय घालायचे, तुकडे नाकारल्यावर संध्याकाळ कशी भागवायची, हा प्रश्न स्त्रियांनी सोडवला. स्वाभिमानाची किंमत त्यांनी अर्ध्या भाकरीने मोजली. सभेचे इतिवृत्त आपल्याकडे आहे. त्या चुलींचे नाही.

स्वातंत्र्यानंतर जिन्नस ठरवणारा हात बदलला. गावाच्या जागी रेशनचे दुकान आले. अमेरिकेने १९५४ मध्ये पीएल-४८० हा कायदा केला आणि १९५६ मध्ये भारताने त्याखाली धान्य घेण्याचा करार केला. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला. १९६६ या एका वर्षात देशात एक कोटी टनांहून अधिक धान्य बाहेरून आले. त्यात बहुतेक गहू होता. आणि मिलोही होती. १९७१ च्या अखेरीस पीएल-४८० खालची आयात थांबली. पण लगेच पुढच्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळाने कळस गाठला आणि परदेशी धान्य विकत आणावे लागले. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे राबत होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. मजुरी घ्यायची आणि रेशनवर मिळेल ते धान्य आणायचे. लाल मिलो अशी घराघरांत शिरली.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या वस्तीत मिलो आली तो दिवस मला आठवतो. माय दिवसभर तलावाच्या कामावर माती वाहून आली होती. तिने नेहमीच्या हाताने पीठ मळले, थापायला घेतले आणि भाकरी परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. तिने ते तुकडे तसेच भाजून आम्हाला दिले आणि स्वतः काही न बोलता पाणी प्याली.

दुसऱ्या दिवसापासून तिचे प्रयोग सुरू झाले. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो. भाकरी थापली जाते ती पिठाच्या विरीवर, आणि धान्य जुने झाले की विरी जाते. मिलो तर समुद्र ओलांडून, गोदामे पाहून आलेली. मायला हे कारण कुणी समजावले नव्हते; तिच्या तळहाताला ते कळले. तिने आधणाचे पाणी ओतून आधी उकड काढली, कारण उकळत्या पाण्याने पीठ फुलते आणि धरून राहते. भाकरी लहान आणि जाड केली. तरी तुरटपणा राहिला, तेव्हा धान्य भरडून कण्या शिजवल्या. कण्या मिठाबरोबर आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर उतरत. रात्री पीठ आंबवून सकाळी आंबील केली. ती सगळ्यांत बरी लागली. कामावर मुलांना सुकडी मिळे, भाजक्या पिठाचे गोड मिश्रण. तीही ती पाण्यात कालवून पुरवून पुरवून वाढी. दुपारच्या सुट्टीत बांधाच्या सावलीला बाया बसत आणि कुणाची कशी जमली ते एकमेकींना सांगत. पाककलेचा वर्ग म्हणायचा तर तो तिथे भरत होता.

मिलो साऱ्या गावाने खाल्ली, हे खरे आहे. त्या साली जमीनदारही टोपले घेऊन कामावर आले. पण ज्याच्या पेवात मागची ज्वारी शिल्लक होती त्याने ती मिलोत मिसळली. वस्तीत मिसळायला काही नव्हते. उकड काढायला जास्त पाणी आणि जास्त जळण लागते, आणि पाण्यासाठी तर आमच्या बायांना विहिरीपासून लांब उभे राहून कुणी वाढील याची वाट पाहावी लागे. एकच धान्य, पण ते शिजवण्याचा खर्च जातीप्रमाणे वेगळा. गावाला मिलो म्हणजे एका वाईट सालाची आठवण. वस्तीला मात्र दुसऱ्याने ठरवलेले खाणे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

या धान्याची कुळकथाही जाणून घेण्यासारखी आहे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि आपलीच झाली. अमेरिकेत ती गेली गुलामांच्या जहाजांबरोबर. तिथल्या शेतकऱ्यांनी यंत्राने कापता यावीत म्हणून बुटकी वाणे निवडली आणि पीक मुख्यतः जनावरांना घातले. म्हणजे गुलामांच्या पायवाटेने गेलेले धान्य मराठवाड्यात अस्पृश्यांच्या तव्यावर येऊन पडले. योगायोग असा की त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि जिच्यावरून तिने नाव घेतले त्या ब्लॅक पँथरने १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये गरीब मुलांना सकाळची मोफत न्याहारी देणे सुरू केले होते. भुकेचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे दोन्हीकडच्या माणसांनी ओळखले होते.

कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि मध्यमवर्गीय घराघरांत गेले. त्या पुस्तकाचे मोल मी नाकारत नाही. पण त्यानंतर दोनच वर्षांनी लाखो स्त्रिया एका अनोळखी धान्याशी झगडून त्याची भाकरी, कण्या, आंबील करत होत्या, आणि त्यातली एकही कृती तेव्हाच्या पाककृतींच्या पुस्तकांत आली नाही. निवड असते तेव्हा त्याला पाककला म्हणतात. निवड नसते तेव्हा ते केवळ पोट भरणे ठरते. ज्ञान कुणाचे मानायचे हा जुनाच वाद येथेही आहे.

अलीकडे ही कोंडी फुटू लागली आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नविषयक आठवणी एकत्र केल्या. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने २०१५ मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचे रांधप पहिल्यांदा एवढ्या तपशिलाने मांडले. पण दुष्काळाच्या चुलीचा इतिहास अजून बाकी आहे. भुकेचे कौतुक करू नये; ते काम पोट भरलेल्यांचे. माय आज असती तर मिलोची भाकरी हौसेने पुन्हा केली नसती, आणि मीही मागितली नसती. नोंद करायची ती भुकेची आणि तिच्याशी झुंजलेल्या बुद्धीची, दोन्हींची.

तेव्हा पंचविशीत असलेल्या बाया आज पंचाहत्तरी ओलांडून गेल्या आहेत. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. किती पाणी घातले, काय मिसळले, पहिली भाकरी मोडली तेव्हा काय केले, आणि आपण काय खाल्ले, हे विचारावे. शेवटचा प्रश्न आम्ही आमच्या मायला कधी विचारला नाही.