हौशी क्रिकेट आणि उपजीविकेचा प्रश्न : जॅक मेसन यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

प्रस्तावना :
इंग्लंडमधील क्रिकेट 1962 पर्यंत 'जंटलमन' म्हणजे हौशी आणि 'प्लेयर' म्हणजे व्यावसायिक अशा दोन वर्गांत विभागलेले होते. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्याही बहुधा वेगळ्या असत. हौशी खेळाडू म्हणजे सुखवस्तू व निश्चिंत मनुष्य, असा सर्वसाधारण समज आहे. केंट काउंटीचे अष्टपैलू खेळाडू व व्यवसायाने सॉलिसिटर असलेले जॅक मेसन (1874-1958) यांचे चरित्र या समजाची मर्यादा दाखवते.

कारकीर्द :
विंचेस्टर येथे शालेय शिक्षण घेतलेल्या मेसन यांनी 1893 मध्ये केंटकडून पदार्पण केले. 1897-98 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते स्टॉडार्ट यांच्या संघातून पाचही कसोटी सामने खेळले. मात्र तेथे त्यांना विशेष यश लाभले नाही. 1898 ते 1902 या काळात त्यांनी केंटचे नेतृत्व केले. 1901 च्या हंगामात त्यांनी हजारांहून अधिक धावा आणि शंभरहून अधिक बळी अशी दुहेरी कामगिरी नोंदवली.

व्यवसाय व खेळ यांतील संघर्ष :
कामगिरी ऐन बहरात असताना, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मेसन यांनी कर्णधारपद सोडले. त्यामागचे कारण वकिली व्यवसाय हे होते. काउंटी सामना तीन दिवसांचा असे. सॉलिसिटरचे काम मात्र पक्षकारांच्या भेटी व दस्तऐवज यांवर चालते. त्यासाठी कार्यालयातील उपस्थिती आवश्यक असते. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यासारख्या काही हौशी खेळाडूंना खर्चाच्या नावाखाली मोठ्या रकमा मिळत, तर आर्ची मॅक्लॅरेन यांना लँकेशायर क्लबमध्ये साहाय्यक सचिवपद मिळाले होते. मेसन यांनी स्वतःच्या व्यवसायास प्राधान्य दिले.

त्यानंतर ते सवडीनुसार खेळत राहिले. केंटने 1906 मध्ये काउंटी अजिंक्यपद प्रथमच पटकावले, तेव्हा कर्णधारपद क्लाउड्सली मार्शॅम यांच्याकडे होते. 1909 मध्ये मोजकेच सामने खेळूनही मेसन यांची फलंदाजीची सरासरी पासष्टच्या घरात होती. त्या हंगामात ते इंग्लंडमधील सरासरीच्या यादीत अग्रस्थानी राहिले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांनी एकूण सतरा हजारांहून अधिक धावा केल्या व आठशेहून अधिक बळी घेतले.

समारोप :
व्यावसायिक खेळाडूस सामाजिक प्रतिष्ठा नाकारणाऱ्या व्यवस्थेने हौशी खेळाडूस प्रतिष्ठा दिली. परंतु त्याच्या चरितार्थाची जबाबदारी घेतली नाही. त्यामुळे वारसाहक्काची संपत्ती नसलेल्या शिक्षित मध्यमवर्गीय खेळाडूपुढे खेळ की व्यवसाय, हा प्रश्न उभा राहत असे. मेसन यांच्या कारकिर्दीची ऐतिहासिक किंमत केवळ धावसंख्येवरून ठरत नाही, तर त्यांना खेळता न आलेल्या सामन्यांवरूनही ठरते.