मोरोपंती आर्यांचीं बाडें : नक्कल कीं श्रवणलेखन ?

बारामती-इंदापूर टापूंतील जुन्या घरांतून मोरोपंतांच्या आर्यांचें बाड निघालें कीं, ‘ही पंतांच्या हयातींतली प्रत’ असें घरचें माणूस हटकून सांगतें. पंत बाबूजी नाइकांच्या आश्रयानें बारामतीस राहिले व तेथेंच शके १७१६ (इ. स. १७९४) मध्यें वारले, तेव्हां हें सांगणें अशक्य कोटींतलें नव्हे. परंतु जें शक्य तें सिद्ध, असा न्याय संशोधनांत चालत नाहीं. अशा बाडावरून छापील पाठ कोणी दुरुस्त करूं लागला, म्हणजे तें कोणत्या वाटेनें उतरलें हें विचारणें प्राप्तच होतें.

एक वाट पंतांच्या घरच्या लेखावरून लेखणीनें उतरलेली, दुसरी कीर्तनाची. पंतांच्या आर्या सोलापूरच्या रामजोशांनीं कीर्तनांतून गाजविल्या हें सर्वश्रुत आहे, आणि बारामतीहून सोलापुराकडे जातांना इंदापूर वाटेवरच लागतें. ऐकलेली आर्या घरीं येऊन टिपणारा श्रोता काय, किंवा घोकणीकरितां वही बाळगणारा हरिदास काय, दोघांच्याही हातून बाड तयार होतें; कवीला त्याचा पत्ताही नसतो.

या दोन वाटांची पारख दोषांवरून करावी. नक्कल करणाऱ्याचे दोष डोळ्यांचे : घ-ध, म-भ, व-ब यांचा घोटाळा, किंवा दोन ओळी सारख्या अक्षरांनीं संपत असल्यास मधली ओळ गळणें. ऐकून लिहिणाऱ्याचे दोष कानाचे : श-ष एक होणें, ऱ्हस्वदीर्घ ढळणें, एका शब्दाच्या जागीं त्याच अर्थाचा दुसरा येणें. पंतांची आर्या बहुधा गीति असते. तिच्या प्रत्येक अर्धांत १२ व १८ मिळून ३० मात्रा. शब्द बदलला कीं मात्रा बहुधा बोलते. मात्र येथें एक सावधगिरी हवी. कसलेला हरिदास बदललेला शब्दही मात्रांत बसवितो. म्हणून वृत्तशुद्धि हा मूळ पाठाचा पुरावा नव्हे. अशा वेळीं यमक पाहावें. उसना शब्द तेथें उघडा पडण्याचा संभव अधिक. आणि आर्यांच्या मध्यें इतर कवींचीं पदें व श्लोक आख्यानाच्या सोयीनें गुंफलेले असतील, तर ती कीर्तनाची वही होय, असें मी तरी म्हणेन.

हा घोळ पोथ्यांपुरताच नाहीं. ‘बीटल्स’ या इंग्रज गायकवादकांच्या चमूची जानेवारी १९६९ मधील तालीम, प्रथम ट्विकनहॅमच्या चित्रशाळेंत व पुढें लंडनच्या सॅव्हिल रो येथें, चित्रपटाकरितां ‘नागरा’ ध्वनिमुद्रकांवर उतरविली गेली. त्या तालमींच्या चोरट्या तबकड्या पुढें पुष्कळ निघाल्या आणि त्यांचें मूळ कोणतें यावर जाणत्यांत वाद माजला. ‘कम बॅक’ ही तबकडी ग्लिन जॉन्स या ध्वनियोजकानें सिद्ध केलेल्या कच्च्या नमुन्यावरून निघाली. इतर कित्येक थेट नागरा-फितींवरून. फितींत चित्र व ध्वनि जुळविण्याचे खुणेचे नाद मधूनमधून ऐकूं येतात, त्यावरून कूळ ओळखतां येतें. चोरीस गेलेल्या शेंकडों फिती २००३ सालीं हॉलंडांत सांपडल्या. तेथें निदान मूळ फिती हातीं येऊं शकल्या. कीर्तनाचा आवाज मात्र जागच्याजागीं विरला.

आमच्या बाडांना आणखी एक तिसरी वाट आहे, ती संग्राहक बहुधा विसरतात. परशुरामपंत गोडबोल्यांचें ‘नवनीत’ १८५४ सालीं छापून निघालें आणि शाळाशाळांतून गेलें. छापील पुस्तकावरून हातानें उतरून घेण्याची चाल त्यानंतरही होतीच. तेव्हां बाडांतील वेंचे व त्यांचा क्रम प्रथम ‘नवनीता’शीं ताडून पाहावा, कागद उजेडासमोर धरून गिरणीची जलखूण आहे कीं काय तें पाहावें, आणि मगच पंतांच्या हयातीची गोष्ट काढावी. बाडाची शिवण मात्र या तपासासाठीं उसवूं नये. पानांचा मूळ क्रम एकदां गेला, कीं वरील कसोट्यांपैकीं निम्म्या निकामी होतात.