ताजी, तट्टू आणि त्यांच्या माता : दक्षिणेंतील अरबी अश्वांचा वंशशोध

१

अरबस्थानांतून समुद्रमार्गें आलेल्या घोड्यांचा दक्षिणेच्या राजकारणाशीं किती निकट संबंध होता, हें त्रैमासिकाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु त्या घोड्यांचा वंश येथें कसा रुजला, आणि एखाद्या विशिष्ट अरबी अंडील घोड्याची संतति नांवनिशीवार दाखवितां येते कीं काय, हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हें गांव ज्या टापूंत आहे, त्या टापूस हा प्रश्न परका नाहीं. वायव्येस भातवडीचें रणक्षेत्र आहे; तेथें इ. स. १६२४ मध्यें मलिक अंबरानें मोंगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. आग्नेयेस खर्डें आहे. तेथें ११ मार्च १७९५ रोजीं मराठे व निजाम यांची गांठ पडली. तालुक्याच्या शिवेवरून वाहणारी सीना पुढें भीमेस मिळते, आणि भीमेच्या थडीचीं तट्टें यमुनेचें पाणी प्याल्याची गोष्ट मराठी घरांत कोणास ठाऊक नाहीं?

२

प्रथम शब्दांकडे वळूं. अमरकोशांत वनायुज, पारसीक, कांबोज व बाह्लिक अशीं देशपरत्वें घोड्यांचीं नांवें येतात. त्यांपैकीं वनायु म्हणजे अरबस्थान असें अनेक विद्वानांचें मत आहे. पुढें बाराव्या शतकांत चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत व हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणींत घोड्यांच्या रंगांचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं पाहून संस्कृतज्ञ वाचक थबकतो. सेराह, खोंगाह, वोल्लाह, उराह, कुलाह या शब्दांस पाणिनीच्या धातूंचा आधार मिळत नाहीं. घोड्यांबरोबर घोडेविक्यांची बोलीहि आली आणि कोशकारांस ती स्वीकारावी लागली, हें उघड आहे.

याहून बोलका शब्द ‘ताजी’ हा होय. आपल्या ताम्रपटांत अरबांस ‘ताजिक’ म्हटलेलें आहे. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या चिंचणी ताम्रपटांत तर राष्ट्रकूटांच्या वतीनें संयान मंडलावर अंमल करणारा अधिकारीच ताजिक आहे. फार्सींत ताजी म्हणजे अरबी. असें असतां ऐने अकबरींत अबुल फजल घोड्यांचे सात वर्ग सांगतो, त्यांत ‘अरबी’ हा पहिला वर्ग निराळा आहे, आणि ‘ताजी’ हा सहावा वर्ग हिंदुस्थानांत पैदा झालेल्या घोड्यांचा आहे! आमच्या मतें या एका शब्दाच्या प्रवासांत सर्व इतिहास सांठविलेला आहे. बाप अरबस्थानाहून आला; त्याच्या येथील संततीस बापाच्या देशाचें नांव मिळालें; आणि कालांतरानें तें नांव संततीचेंच होऊन बसलें, म्हणून खऱ्या अरबीस दुसरा शब्द योजावा लागला. अबुल फजल कच्छच्या घोड्यांविषयींहि अशीच लोकवार्ता देतो. एक अरबी गलबत वादळानें त्या किनाऱ्यास लागलें, त्यावर सात निवडक घोडे होते, व त्यांपासून तेथील वंश चालला, अशी ती वार्ता आहे. घोड्यांची संख्या लोकांच्या ध्यानांत राहिली. त्यांपैकीं एकाचेंहि नांव राहिलें नाहीं.

३

आतां व्यापाराकडे पाहूं. वस्साफ या फार्सी इतिहासकारानें तेराव्या शतकाच्या अखेरीस किश बेटांतून दरसाल १४०० घोडे मअबरास पाठविण्याचा करार झाल्याचें व प्रत्येकाची किंमत २२० सुवर्ण दीनार धरल्याचें लिहिलें आहे. त्याच सुमारास मार्को पोलो ठाण्याविषयीं लिहितांना सांगतो कीं, तेथील राजाचा चांचे लोकांशीं असा ठराव होता कीं, लुटींत सांपडलेले सर्व घोडे राजाचे व बाकीचा माल चांच्यांचा. सोन्याहून घोडा अधिक प्रिय असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक अंडील घोडा घेऊन होर्मुझहून मस्कत, दीव, खंबायत या मार्गें चौलास उतरला व घांट चढून जुन्नरास आला. तेथील असदखानानें त्याचा घोडा हिरावून घेतला, आणि धर्म बदलल्यास घोडा परत देऊं असें सांगितलें. एका खुरासानी सरदाराच्या रदबदलीनें त्याची सुटका झाली व घोडा परत मिळाला; पुढें बेदरास त्यानें तो विकला. या देशांत घोडे पैदा होत नाहींत, असें तो लिहितो. परंतु आळंदच्या जत्रेंत २०,००० घोडे विक्रीस येतात असेंहि तोच लिहितो. त्याचें पहिलें विधान शब्दशः घेऊं नये. दरबारास पसंत पडेल असा थोराड घोडा येथें होत नसे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. कारण शेतकऱ्याच्या व धनगराच्या दारचें तट्टू परदेशी व्यापाऱ्याच्या हिशेबीं घोडेंच नव्हतें. आणि आमच्या वंशशोधांत तर तेंच तट्टू मुख्य आहे.

४

इ. स. १५१० नंतर पोर्तुगीजांनीं हा व्यापार गोव्याकडे वळविला, आणि एकोणिसाव्या शतकांत मुंबई हा अरबी घोड्यांचा मोठा बाजार झाला. या बाजारांतील दोन अश्वांचा वंश मात्र आज अगदीं नांवनिशीवार सांगतां येतो.

पहिला ‘मैदान’. हा इ. स. १८६९ मध्यें नेज्द प्रांतांत जन्मला व १८७१ मध्यें मुंबईस आला. कॅप्टन जॉन्स्टन यानें तो घेऊन १८७४ पर्यंत शर्यतींत पळविला. त्यानंतर तो ब्राउनलो या लष्करी अधिकाऱ्याकडे गेला. ब्राउनलो १८८० मध्यें कंदाहारच्या लढाईंत पडला. पुढें मैदान इंग्लंडास गेला; तेथें नेओमी या घोडीस त्याच्यापासून १८८८ मध्यें नाझली ही शिंगी झाली. ती पुढें अमेरिकेस गेली व तेथील अरबी अश्ववंशाच्या आद्य मातांत गणली जाते.

दुसरा ‘हदबान’, जन्म १८७८. विल्फ्रिड ब्लंट व लेडी अ‍ॅन ब्लंट हे १८८३-८४ मध्यें हिंदुस्थानांत आले होते. निजाम महबूब अली खानाच्या हैदराबादेंतील राज्यारोहणासहि ब्लंट हजर होता. त्या फेरींत हदबान खरेदी होऊन ससेक्स प्रांतांतील क्रॅबेटच्या पागेंत गेला. रोदानिया या घोडीस त्याच्यापासून १८८५ मध्यें ‘रोज ऑफ शॅरन’ झाली. तिची संतति आज अनेक देशांत पसरलेली आहे.

यांच्याही आधींचा एक अरबी घोडा मराठवाड्याच्या मातींतला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या लढाईंत वेलस्लीच्या ‘डायोमेड’ या घोड्यास भाल्याची जखम झाली. घोडा हरवला व पुढें सांपडला. हें नांव इंग्रजांच्या लेखांत टिकलें. त्याच रणांगणावर शिंद्यांच्या बाजूनें जे हजारों घोडे उभे होते, त्यांपैकीं एकाचें तरी नांव आपणांस सांगतां येईल काय?

५

हा भेद रक्ताचा नाहीं, लेखनाचा आहे. इंग्लंडांत १७९१ मध्यें अश्ववंशाची छापील नोंदवही निघाली, म्हणून १७०४ मध्यें अलेप्पोहून नेलेल्या डार्ली अरबीचा वंश आज घरोघर ठाऊक आहे. आपल्याकडे ‘डाग व चेहरा’ होता. त्याचा हेतु हजिरीच्या वेळीं लबाडी पकडण्याचा. म्हणून त्यांत रंग, खुणा व धनी यांस महत्त्व होतें, आईबापांस नव्हतें. शालिहोत्राचे ग्रंथ घ्यावे, तर जयदत्ताच्या अश्ववैद्यकांत किंवा तंजावरच्या सरस्वती महालानें १९५२ मध्यें छापलेल्या नकुलाच्या अश्वशास्त्रांत आवर्त, वर्ण, वय व रोग यांचा सूक्ष्म विचार आहे; पण तो लक्षणांचा आहे, वंशावळीचा नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अरब लोक आपल्या चांगल्या घोड्या सहसा विकत नसत. त्यांच्यांत वंशाचें नांव मातेकडून चालतें. ‘हदबान’ हें नांव मुळांत अशा एका मातृवंशाचेंच आहे. तेव्हां जहाजांतून मुख्यतः नर आले आणि त्यांची येथील संतति दक्षिणी घोड्यांच्या पोटीं जन्मली. व्हिएन्नाच्या संशोधकांनीं २०१७ मध्यें दाखविलें कीं, आजच्या बहुतेक सुधारित जातींचे नरवंश गेल्या सुमारें ७०० वर्षांतील अरबी व तुर्कमान अश्वांपर्यंत जातात. मातृवंश मात्र पुष्कळ व विविध आहेत. दक्षिणेंतील घोड्यांविषयीं आमचें अनुमान याच दिशेचें आहे. भीमा, नीरा, माण यांच्या कांठचा घोडा अरबी बापामुळें देखणा झाला असेल. परंतु कोरड्या चाऱ्यावर राहून खडकाळ घांट चढण्याचा त्याचा काटकपणा आईचा आहे. त्यास ‘अरबी वंशाचा’ म्हणून मिरविणें म्हणजे अर्धी वंशावळ पुसून टाकणें होय.

६

हा वाद आतां केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून अलीकडेच नोंद केली आहे. हीं जनावरें आज मुख्यतः फिरस्त्या धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहतांना दिसतात. पूर्वीं जी चूक झाली ती नव्या नोंदणींत होऊं नये. प्रत्येक शिंगराच्या बापाबरोबर आईचीहि ओळख लिहिली जावी.

संग्राहकांस आमची विनंती वेगळी आहे. जुन्या सिलेदार घराण्यांच्या मोडी रुमालांतून सनदा व वतनपत्रें निवडून घेतलीं जातात, आणि दाणावैरणीचे हिशेब, नालबंदाचीं देणीं, घोडा खरेदीच्या चिठ्या निरुपयोगी म्हणून रद्दींत जातात. वस्तुतः अंडील घोडा कोणाच्या घोडीस दाखविला, त्याबद्दल काय दिलें, शिंगरूं कोणत्या रंगाचें झालें, हें कळलें तर त्याच कागदांतून कळेल. असा एक जरी कागद तारखेसह हातीं आला, तर तो जपावा, त्याची नक्कल करावी व प्रसिद्धीस द्यावा. मैदानाचा वंश सांगणारे पुष्कळ आहेत. भीमथडीच्या एका घोडीचें नांव सांगणारा कागद मिळाला, तर तो त्या सर्वांहून मोलाचा ठरेल.