सँडविचची कुळकथा

थोर कुळांच्या वंशावळी तपासूं लागलें कीं मूळ पुरुषाच्या जागीं बहुधा एखादी आख्यायिका बसलेली आढळते, हा इतिहासाच्या अभ्यासकांचा नित्याचा अनुभव आहे. खाद्यपदार्थांच्या कुळांचीही तीच गत. पावाच्या दोन कापांमध्यें कांहीं सारण घालून केलेल्या ज्या पदार्थास आपण सँडविच म्हणतों, त्याची जन्मकथा आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेली असेल. जॉन माँटेग्यू, चौथा अर्ल ऑफ सँडविच (१७१८–१७९२), हा इंग्रज उमराव जुगारांत इतका रमला कीं जेवणासाठीं उठण्याचीही त्यास फुरसत होईना. तेव्हां त्यानें भाजलेल्या पावाच्या दोन कापांत गोमांसाचा तुकडा घालून मागविला, आणि तो खात खात खेळ चालू ठेवला. गोष्ट सुटसुटीत आहे. शिवाय तींत एक उमराव व एक व्यसन असल्यामुळें ती विसरली जाण्याची भीति नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तिला पुरावा काय?

या गोष्टीचा उगम पियेर-जाँ ग्रोस्ले या फ्रेंच लेखकाच्या लंडनविषयक प्रवासवर्णनांत आहे. ग्रोस्ले १७६५ सालीं लंडनास गेला होता. त्याचें पुस्तक १७७० सालीं प्रसिद्ध झालें, आणि दोनच वर्षांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें. एका मंत्र्यानें चोवीस तास जुगाराच्या टेबलाशीं काढले व एवढ्याच अन्नावर भागविलें. पुढें त्याच्याच नांवानें हा नवा पदार्थ आपल्या मुक्कामांत लोकप्रिय झाला, असें तो सांगतो. परंतु रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा एडवर्ड गिबन याच्या रोजनिशींत २४ नोव्हेंबर १७६२ या तारखेखालींच सँडविच हा शब्द आलेला आहे. ‘कोको ट्री’ या लंडनच्या क्लबांत राज्यांतील वीस-तीस बडे लोक लहान लहान टेबलांशीं बसून थंड मांस किंवा सँडविच खात असल्याचें वर्णन त्यानें केलें आहे. शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज त्यास भासली नाहीं. म्हणजे ग्रोस्लेचें पाऊल लंडनांत पडण्यापूर्वीं निदान दोन वर्षें हें नांव तेथें रुळलेलें होतें.

स्वतः अर्ल तीन वेळां आरमारखात्याचा मुख्य झाला होता. १९९३ सालीं त्याचें चरित्र प्रसिद्ध करणारे इतिहासकार एन. ए. एम. रॉजर यांचें मत असें कीं, हा पदार्थ त्यानें जुगाराच्या नव्हे, तर कामाच्या टेबलाशीं बसून खाल्ला असण्याचा संभव अधिक. कॅप्टन कुकनें १७७८ सालीं हवाई बेटांस याच अर्लचें नांव दिलें होतें. बेटांचें तें नांव कधींच मागें पडलें. पावाच्या कापांस मिळालेलें नांव मात्र जगभर पसरलें!

नांव अर्लचें खरें, परंतु कृति त्याची नव्हे. वल्हांडणाच्या सणांत बेखमीर भाकरीबरोबर कडू भाजी एकत्र करून खाण्याची चाल ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील हिल्लेल या धर्मगुरूची, असें यहुदी परंपरा सांगते. आमच्याकडे शेताच्या बांधावर भाकरीवर ठेचा घेऊन जेवणाऱ्या कुणब्यास ही युक्ति कोणी परक्यानें शिकवावी लागली नाहीं. ज्यास कामावरून हलतां येत नाहीं, तो ताटावांचून जेवण्याचा मार्ग शोधतोच. आणि अर्लच्या बाबतींतसुद्धां, मांस कापणारा, पाव भाजणारा आणि दोहोंचा मेळ घालून तो टेबलावर आणून ठेवणारा हात त्याचा नव्हता.

तो हात कागदावर प्रथम दिसतो तो पाकशास्त्राच्या पुस्तकांत. १७७३ सालच्या शार्लट मेसन यांच्या ग्रंथांत सँडविचची कृति आहे: लोणी लावलेल्या पावाच्या पातळ कापांत गोमांसाचे अतिशय पातळ काप घालावे व कडा नीटनेटक्या कापून टाकाव्या. पुढें शंभर वर्षें उलटण्यापूर्वींच हा पदार्थ क्लबांतून रस्त्यावर आला. लंडनच्या श्रमजीवी लोकांचें हेन्री मेह्यू यानें केलेलें वर्णन १८५१ सालीं ग्रंथरूपानें निघालें. त्यांत नाटकगृहांच्या दारांशीं पांढरें वस्त्र घातलेली पाटी घेऊन उभे राहणारे सँडविचवाले आहेत. एका पेनीस एक याप्रमाणें लंडनच्या रस्त्यांवर वर्षाकांठीं ४,३६,८०० सँडविचें खपतात, असा हिशेब त्यानें मांडला आहे. एका अर्लनें खाल्लेल्या एका सँडविचची कथा सर्वांस ठाऊक. या साडेचार लाखांच्या जवळपास सँडविचें करणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव कोणास ठाऊक नाहीं.

अमेरिकेंत या कुळाची जी शाखा वाढली, तिचें नांव क्लब सँडविच. आज थरांचें सँडविच म्हटलें कीं तेंच डोळ्यांपुढें येतें. भाजलेल्या पावाचे तीन काप, त्यांमध्यें कोंबडीचें किंवा टर्कीचें मांस, बेकन, टोमॅटो, लेट्यूसचीं पानें व मेयॉनेज, अशी त्याची रचना असते. याचीही जन्मकथा आहे, आणि वाचकांस आश्चर्य वाटेल, ती पुन्हां जुगाराच्या अड्ड्यावरचीच! न्यूयॉर्क राज्यांतील सॅराटोगा स्प्रिंग्ज येथें रिचर्ड कॅनफील्ड याचें जें प्रसिद्ध द्यूतगृह होतें, तेथल्या स्वयंपाकघरांत १८९४ सालीं हें सँडविच निर्माण झालें, असें सांगतात. परंतु न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या १८ नोव्हेंबर १८८९ च्या अंकांत ‘युनियन क्लब’ सँडविचचा उल्लेख आहे. भाजलेल्या पावाचे दोन काप, मध्यें टर्की किंवा कोंबडी व हॅम यांचा थर, गरम गरम वाढलेला, असें त्याचें वर्णन आहे. अर्थात् सॅराटोगाची कथा पांच वर्षें उशिरा जन्मली, आणि तिसरा काप त्याहून मागाहून कोणा अज्ञात स्वयंपाक्यानें मध्यें सरकविला.

हा तिसरा काप म्हणजे नुसती हौस नव्हे. घरीं हें सँडविच करूं पाहणाऱ्या वाचक-भगिनींस त्याचें मर्म लगेच कळेल. वरचा भार मधला काप पेलतो, आणि दोन ओलसर थर एकमेकांत कालवले जाऊं देत नाहीं. पाव आदल्या दिवशींचा असला म्हणजे काप सरळ निघतात. ते भाजले कीं वांकत नाहींत. लोणी अगदीं कडेपर्यंत लावावें, कारण स्निग्ध थरांतून टोमॅटोचें पाणी पावांत सहज मुरत नाहीं. टोमॅटोवर मीठ अगदीं शेवटीं घालावें, नाहींतर त्यास पाणी सुटतें. मग चार ठिकाणीं काड्या खोंचून कर्णरेषांवर कापलें कीं चार त्रिकोण उभे राहतात. समान जाडीचे काप हातानें काढणें हेंच यांतलें कठीण काम. तें यंत्रानें होऊं लागलें तें ७ जुलै १९२८ पासून. त्या दिवशीं मिसूरी संस्थानांतील चिलिकॉथी गांवीं ऑटो रोहवेडर याच्या यंत्रावर कापलेला पाव प्रथम विक्रीस आला. या सोयीची संवय इतकी जडली कीं, महायुद्धाच्या काळांत जानेवारी १९४३ मध्यें अमेरिकन सरकारनें कापलेल्या पावावर घातलेली बंदी दोन महिन्यांच्या आंत उठवावी लागली.

आमच्या देशांत पावाचें नांवच पोर्तुगीजांकडून आलें; सँडविच इंग्रजांबरोबर आलें. परंतु मुंबईच्या पदपथावर त्याचें जें रूपांतर झालें, त्यांत ना पोर्तुगीज ओळखूं येतो ना इंग्रज. लोण्यावर कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, तिच्यावर उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो व कांदा यांच्या चकत्या, वर चिमूटभर मसाला. आणि हवें असल्यास लोखंडी साच्यांत धरून निखाऱ्यावर भाजलेलें. मांसाची जागा भाजीनें आणि मेयॉनेजची चटणीनें घेतली. ही घडण प्रथम कोणीं केली? येथें तर आख्यायिकेपुरताही उमराव सांपडत नाहीं.

आम्हांस वाटतें, यांतच या कुळकथेचें सार आहे. लंडन काय आणि सॅराटोगा काय, लोकांनीं शोधाचा मान खेळत बसलेल्यांच्या वाड्यास दिला, चुलीपाशीं उभ्या असलेल्यास दिला नाहीं. याचें कारण लोक कृतघ्न असतात असें नव्हे. बड्या माणसाच्या रिकामपणाचीही नोंद राहते, लहान माणसाच्या श्रमाची मात्र क्वचितच राहते, हें त्याचें कारण. आमच्या घरोघरच्या कोणत्या थालीपिठाची, कोणत्या वडीची पहिली करणारी आपणांस सांगतां येईल? नांव बदलण्याचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. अर्लचें नांव अर्लपाशीं सुखानें राहो. मात्र पुढच्या वेळीं ही जुगाऱ्याची गोष्ट मुलांस सांगतांना, तें सँडविच करून आणणारा कोण होता, एवढा प्रश्न त्यांस अवश्य विचारावा. उत्तर मिळणार नाहीं. परंतु इतिहास वाचण्यास आरंभ करण्यासाठीं तो प्रश्न चांगला आहे.